मडक्यातल्या सोळा शिंपल्या

तुमच्या घरात पंधरा ते एकोणीस वयाचं लेकरू असेल, तर एक सांगा, आणि खरं सांगा: कुणी ऐकत नाहीये अशा भरवशानं दहा मिनिटं बोलायला त्याला तुमच्या घरात जागा कुठे आहे? बेडरूम म्हणू नका. बेडरूमला दार असतं, पण त्या दाराला आईचा कान लागलेला असतो. गॅलरी म्हणू नका. गॅलरीत वॉशिंग मशीन आहे आणि समोरच्या विंगमध्ये वहिनी. गच्चीला सेक्रेटरीनं कुलूप घातलंय. मग कुठे?

अंबिका तांडेलला हा प्रश्न कुठल्या पुस्तकानं शिकवला नाही. ती दहावी पास, तीही दुसऱ्या खेपेला. पण गेली अठ्ठावीस वर्षं मीरा-भाईंदरची दारं वाजवणं हेच तिचं काम. साबण कुठला वापरता, टीव्हीवर काय बघता, बाळाला डोस दिला का, फवारणीवाला येतो का. कंपन्या बदलल्या, साहेब बदलले, कागदाच्या जागी टॅब आला, अंबिका तीच. बाकीच्या बाया उडप्याकडे चहा मागवून एका बैठकीत वीस फॉर्म भरून टाकत. अंबिकानं कधी एक फॉर्म खोटा भरला नाही. हा तिचा माज होता, आणि तो तिला शोभायचा.

फक्त एकदा, एका फॉर्मात, एका रकान्यात तिनं खोटी खूण केली होती. ते पुढे येईलच.

तिला जुनी दारं आठवतात. सत्त्याण्णव साली मीरा रोडला चार बिल्डिंगा उभ्या असत आणि पाचवीच्या पायात मिठागराचं पाणी. गिरगाव-लालबागची माणसं दहा बाय दहाची खोली विकून इथे ब्लॉक घेऊन आलेली. पाणी टँकरचं, लाईट मनात येईल तेव्हा, पण ब्लॉकचं कौतुक केवढं! दार उघडंच असायचं. पडदा हलला की आतून हाक यायची, "कोण गं? ये, बस. आधी पाणी पी." अंबिका फॉर्म काढेपर्यंत पोहे यायचे. हाटकेशला तर एक आजी तिला 'साबणवाली' म्हणायची आणि दर वेळी वेगळा साबण सांगायची, म्हणजे ही पुन्हा येईल.

आता गेटवर फोटो काढतात, मोबाईलवर आकडा येतो, वरून कुणीतरी 'अलाऊ' दाबतं, तेव्हा लिफ्ट. वर गेलं की जाळीच्या दारामागून अर्धा चेहरा. "पाच मिनिट में होगा ना?" पोहे गेले. पाणीसुद्धा आता बाटलीतून येतं, तेही मागितलं तर.

गेल्या वर्षी अंधेरीच्या एका संशोधन संस्थेचं काम आलं. पंधरा ते एकोणीस वयाची मुलं, सत्तर प्रश्न. शाळा, झोप, मोबाईल, मैत्री, मनाची तब्येत. आईबापाची सही वेगळी, मुलाची वेगळी. आणि त्रेपन्नावा प्रश्न: तुला ओढ कोणाबद्दल वाटते? मुलांबद्दल, मुलींबद्दल, दोघांबद्दल, कुणाहीबद्दल नाही, अजून कळत नाही.

ट्रेनिंगमध्ये हा प्रश्न पडद्यावर आला तेव्हा निम्म्या बाया पदर तोंडाला लावून हसल्या. संचिता मॅडम, म्हणजे या पाहणीच्या मुख्य, वयानं अंबिकाच्या लेकीएवढ्या, हसल्या नाहीत.

"तुमच्या शहरात मुलांसाठी एक समुपदेशक बसवायचा विचार चाललाय," त्या म्हणाल्या. "मन मोकळं करायला. पण वरचे लोक विचारतात, अशी मुलं आहेत किती? आकडा नसेल तर खुर्चीसुद्धा मिळत नाही."

अंबिका हसणाऱ्या बायांवर उखडली. "दात आवरा गं. तुमच्या पोरांना विचारलं तर काय बोलतील ते बघा आधी."

बोलली खरी. पण पहिल्या पंधरवड्यात एकसष्ट मुलं झाली, आणि ऑफिसातून कळलं की त्रेपन्नाव्या प्रश्नाला एकाचंही उत्तर वेगळं नाही. मुलगे म्हणाले मुली, मुली म्हणाल्या मुलगे, नाहीतर 'कुणाहीबद्दल नाही.' नियम असा की हा प्रश्न आला की टॅब मुलाच्या हातात द्यायचा, त्यानं स्वतः दाबायचं. देत होती ती. पण पेणकरपाड्याच्या चाळीत पोराच्या हातात टॅब दिला की त्याचा धाकटा भाऊ मांडीवर चढायचा, आई ओट्याशी उभी राहून भांडं उगाच दुसऱ्यांदा विसळायची, आणि पोरगं सेकंदात बोट टेकवून मोकळं.

त्याच चाळीत बारावीतला साहिल तिला जिन्यापर्यंत सोडायला आला. तिनं सरळ विचारलं, "काय रे, तुम्ही सगळे एकच बटण दाबताय. शिकवून ठेवल्यासारखं."

"काकू, तुम्ही पण ना!" साहिल हसला. "टॅबमध्ये सगळं राहतं. आई माझा फोन रोज चेक करते, हा तर सरकारी वाटतोय. मी म्हणत नाय की मी तसा आहे. पण असतो, तरी दाबला नसता."

"नाव जात नाही रे वर. नंबर जातो."

"आधार पण नंबरच आहे ना, काकू?"

अंबिकानं टॅब बॅगेत घातला आणि जिना उतरली. तिनं, जिच्या तोंडाला वॉचमन घाबरतात!

दुसऱ्या दिवशी हाटकेशला, गाळ्यांच्या मागच्या बिल्डिंगमध्ये, तिसऱ्या मजल्यावर तिनं बेल दाबली. दार उघडलं ते अर्धं नाही, पूर्ण. समोर पस्तिशीची बाई, गळ्यात शिलाईची टेप.

"अंबिकाकाकू?"

अंबिकानं डोळे बारीक केले. तो चेहरा तिनं अठरा वर्षांत कितीदा आठवला होता, आणि समोर आला तेव्हा ओळखायला वेळ लागला. "हेमाली? खारीतली? भोईरांची?"

खारी गावातली हेमाली. दोन हजार सात साली ती सतरा वर्षांची होती, वेणीला दोन रिबिनी. तेव्हा खारीत अंगणं होती, अंगणात बोंबील वाळत, आणि आतासारख्या चहूबाजूंनी बिल्डिंगा चढून आलेल्या नव्हत्या. अंबिका तरुणांच्या आरोग्याचा फॉर्म घेऊन ओटीवर बसली होती. मुलींना विचारायचं होतं, 'एखाद्या मुलाबद्दल ओढ वाटते का?' दोन चौकोन, हो आणि नाही. हेमालीनं कागदाकडे बघितलं, मग तिच्याकडे, आणि अगदी हळू म्हणाली, "काकू, तिसरा चौकोन नाही का? मुलाबद्दल नाय वाटत, पण... वाटतं."

तेवढ्यात आई चहा घेऊन बाहेर आली. हेमालीचं तोंड मिटलं. पोरीनं अंबिकाकडे असं बघितलं, तसं अजून कुणी बघितलेलं नाही. आणि अंबिकानं काय केलं? 'नाही'वर खूण केली आणि म्हणाली, "पुढचा प्रश्न. हिमोग्लोबिन कधी तपासलंय का?"

हीच ती खूण. चहा प्याली, बशी पालथी घातली, घरी आली. पुढे ऐकलं की भोईरांच्या पोरीनं ठरलेलं लग्न मोडलं, घर सोडलं. कुठे गेली ते कुणी सांगेना, आणि अंबिकाला विचारायचं तोंड नव्हतं.

"आत या ना," हेमाली म्हणाली. घरात दोन शिलाई मशीन, दोन कपाटं, भिंतीवर दोघींचा एक फोटो. दुसरी बाई पुढे आली, हात पुसत. "ही ममता. आम्ही दोघी ब्लाऊजचं काम करतो. हिची भाची असते आमच्याकडे, अकरावीला. तिचाच फॉर्म ना?"

अंबिकानं सह्या घेतल्या. त्रेपन्नावा प्रश्न जवळ आला तशी ती टॅबची काच पदरानं पुसत बसली. हेमालीनं ते ओळखलं असावं. ती उठली, ममताला खुणावलं, पायात चप्पल सरकवली.

"चल, आपण बाहेर पॅसेजमध्ये उभ्या राहू. काकू, तुम्ही पण चला. एकटी बसू दे तिला."

तिघी बाहेर. हेमालीनं स्वतःच्या हातानं स्वतःच्या घराचं दार ओढून घेतलं. एकसष्ट घरांत हे कुणी केलं नव्हतं. अंबिका जिन्याच्या कठड्याला टेकून उभी राहिली.

"काकू," हेमाली अगदी सहज म्हणाली, भाजीचा भाव विचारावा तसं, "तेव्हा काय लिहिलंत माझं?"

"'नाही' लिहिलं."

"वाटलंच." ती हसली. त्या हसण्यात राग असता तर अंबिकाला बरं वाटलं असतं. "आता खोडता येत असेल का ते?"

"तो कागद उधईनं खाल्ला असेल गं."

"कागदाचं जाऊ द्या. माझी आई चहा घेऊन आली ना, ती अजून माझ्या स्वप्नात येते. चहा घेऊनच येते."

आतून मुलीनं हाक मारली, "झालं!" आणि तिघी पुन्हा आत गेल्या. टॅबवर काय दाबलं होतं ते अंबिकाला दिसलं नाही, दिसायचंही नव्हतं. पण त्या संध्याकाळी ती घरी गेली नाही. रिक्षा केली आणि थेट जुन्या भाईंदरला, खाडीकडच्या आळीत, माहेरी गेली.

शांताबाई, तिची आई, अठ्ठ्याहत्तर वर्षांची, दारात पाय पसरून कोळंबी सोलत बसली होती.

"आये, खाडीच्या निवाड्याचं मडकं हाय का अजून?"

"हाय ना. तांदूल ठेवते त्यात. तुला काय घालायचंय?"

ते मडकं काय, हे सांगायला हवं. अंबिका आठ-नऊ वर्षांची असताना आळीत जाळं बांधायच्या जागांवरून तंटा झाला की अंगणात बैठक बसायची, आणि बोलून सुटलं नाही की मडकं यायचं. तोंडाला फडकं बांधलेलं, फडक्याला हात जाईल एवढी चीर. घरटी एकाच्या मुठीत एक शिंपली, खाडीतल्या तिसऱ्या खाऊन उरते ती, आणि एक खडा. हो असेल तर शिंपली सोडायची, नाही असेल तर खडा. उरलेलं मुठीत झाकून घेऊन जायचं आणि खाडीत फेकायचं. मडक्यात गेलं ते गावाचं, कुणा एकाचं न्हाय. कुणी कुणाला विचारायचं नाही, बायकोनं नवऱ्यालासुद्धा.

त्या साली प्रश्न गोदूबाईचा होता. तिचा नवरा खाडीत गेला, पोरं लहान. नवऱ्याची जागा विधवेकडे ठेवायची का? बैठकीत बाप्ये एकेक करून म्हणाले, न्हाय. बाईमाणूस आणि जाळ्याची जागा, हे कधी झालं नाही. अंबिकाचा बाप, जानू तांडेल, सगळ्यांत मोठ्यानं ओरडला, कारण शेजारी त्याचे दोन थोरले भाऊ बसले होते. मग मडकं फिरलं आणि ओतलं. शिंपल्याच शिंपल्या! गोदूबाईची जागा गोदूबाईला राहिली. घरी जाताना जानूनं लेकीला कडेवर घ्यायला मूठ उघडली, तेव्हा तिला त्याच्या तळहातावर दिसला तो खडा. म्हणजे शिंपली मडक्यात गेली होती. बाप तोंडानं न्हाय बोलला आणि हातानं हो. तिनं बघितलं हे त्यानं बघितलं, आणि खडा झटकन खाडीत गेला. त्यावर बापलेक कधी एक शब्द बोलले नाहीत. जानूला जाऊन अकरा वर्षं झाली.

अंबिकानं आईला त्रेपन्नावा प्रश्न सांगितला. शांताबाईचा कोळंबी सोलायचा हात थांबला नाही.

"मंग त्यात काय? आपल्या आलीत न्हवता का तो ईश्वर? जलमभर एकाच दोस्ताच्या होरीवर. दोघांनी लगीन केलं न्हाय. सगल्यांना म्हाईत व्हतं, कोन बोललं न्हाय."

"बोललं न्हाय म्हणूनच तर, आये. कागदावर ते दोघं कुठंच न्हाईत."

"मानसाला बोलायला जीभ लागते, आनि जीभ भिते." शांताबाईनं मडक्यातले तांदूळ परातीत ओतले. "मडक्याला जीभ न्हाय. ने. पर फोरू नको, तुज्या आज्याचं हाय."

पुढचे सहा आठवडे मीरा-भाईंदरनं जे पाहिलं ते पुन्हा दिसणार नाही. अंगावर ओळखपत्र, एका खांद्याला टॅबची बॅग, कडेवर मडकं. वॉचमननं अडवलं, "मौसी, मटका लेके किधर?" एका बिल्डिंगमध्ये गुजराती बेननं जाळीतून विचारलं, "अथाणुं वेचो छो?" लोणचं विकता का म्हणून. हाटकेशला अफवा उठली की कुणी बाई भानामतीचं मडकं घेऊन फिरतेय, मग ज्या आईला शंका आली तिला अंबिकानं सहीचा कागद पुन्हा वाचून दाखवला, आणि तरी नको म्हणाली तर नमस्कार करून पुढे गेली. जबरदस्ती नाही. मुलाचीही नाही.

बाकीचे एकोणसत्तर प्रश्न टॅबवर. त्रेपन्नावा आला की ती मुलाला सांगायची, "बघ, ही शिंपली, हा खडा. मुलगा असशील तर मुलाबद्दल, मुलगी असशील तर मुलीबद्दल, अशी ओढ कधी वाटली असेल तर शिंपली सोड. नसेल तर खडा. उरलेलं खिशात घाल आणि नंतर लांब कुठेतरी फेकून दे. मला दाखवू नको, कुणालाच दाखवू नको. सोडायचं नसेल तर काहीच सोडू नको." मग आईबापाला घेऊन पॅसेजमध्ये, आणि दार ओढून घ्यायचं. आया कुरकुरायच्या. "आमचं पोर आमच्यापासून काय लपवणार?" अंबिका म्हणायची, "वहिनी, तुम्ही तुमच्या आईला सगळं सांगायचात? मग उभ्या राहा गप."

आणि पॅसेजमध्ये, दाराबाहेर ताटकळत, त्या आया बोलायला लागायच्या. कुणी परळच्या चाळीतली गोष्ट सांगायची, कुणी कॉलेजातल्या मैत्रिणीची, जिला पंचवीस वर्षांत फोन केला नाही. हाटकेशच्या एका बाईनं तर दार उघडल्यावर अंबिकाला थांबवलं आणि आतून पोह्यांची बशी आणली. किती वर्षांनी! अंबिकानं मडकं बाजूला ठेवून, मांडी घालून, सगळे पोहे खाल्ले.

दोनशेचार मुलं झाली. टॅबवर तिनं प्रत्येकाच्या त्रेपन्नाव्या प्रश्नाला 'उत्तर नाही' दाबलं आणि निर्धास्त राहिली. खरं उत्तर मडक्यात आहेच की! गाव मोजायचं तर मडकं मोजायचं, हे तिच्या रक्तात. प्रत्येक उत्तर प्रत्येक फॉर्मला चिकटलेलं लागतं, ही संशोधनाची रीत तिच्या डोक्यातच आली नाही.

निकेतचा फोन आला. निकेत तिचा सुपरवायझर, तिशीचा, पोरगा वाईट नाही, पण सगळं कॉम्प्युटरच्या डोळ्यानं बघणारा.

"मावशी, दोनशेचार ठिकाणी उत्तर नाही? बाकीचे सगळे प्रश्न भरलेत आणि हा एकच नाही?"

"ते मडक्यात आहे."

"कशात?"

तिनं सांगितलं. 

"मावशी, मडकं मी कुठल्या कॉलममध्ये टाकू? कुणाचं उत्तर कुठलं, कसं कळणार?"

"कळू नये म्हणूनच तर मडकं."

"सोमवारी रिपोर्ट जातोय. मी असं करतो, रिकामं आहे ते 'नाही' धरतो. म्हणजे तुमच्या भागातून शून्य."

अंबिकाचा आवाज चढला. शेजारच्या विंगमधून कुणीतरी खिडकी उघडली. "रिकामं म्हणजे रिकामं! नाही म्हणजे नाही! एका पोरीचं मी असंच 'नाही' धरलं होतं, निकेत, आणि अठरा वर्षं ते घशात घेऊन फिरतेय. दोनशेचारांचं तू धरणार? शून्य गेलं तर समुपदेशक बसेल का इथे?"

"नाही बसणार," निकेत म्हणाला. खरं बोलला.

"मग शनिवारी मी येते. मडकं घेऊन."

दहिसरहून मेट्रो. मडकं मशीनमधून गेलं तसं सिक्युरिटीवालीनं थांबवलं. "आंटी, इसमें पत्थर है? पत्थर अलाऊड नहीं."

"पत्थर नहीं है, मतदान है. सील है, खोलने का नहीं." आणि तिनं असं बघितलं की बाई बाजूला झाली.

अंधेरीच्या ऑफिसात काचेचं टेबल. संचिता मॅडम, निकेत आणि अंबिका. फडक्याची गाठ सहा आठवड्यांनी पहिल्यांदा सुटत होती. आत काय आहे ते तिलाही माहीत नव्हतं. सगळे खडेच निघाले तर? मग हा नुसता पोरखेळ ठरणार होता, आणि हेमालीच्या तोंडासमोर पुन्हा उभं राहता आलं नसतं. तिनं मडकं आडवं केलं. खडे काचेवर खडखडले, आणि त्यांच्यामधून घरंगळत, एकेक करून, पांढऱ्या शिंपल्या.

मोजल्या. सोळा.

 मग निकेतनं खडे मोजले, कपाळाला आठी घातली, पुन्हा मोजले. "एकशे पंच्याण्णव. अधिक सोळा. दोनशे अकरा. मावशी, मुलं दोनशेचार आहेत. सात जास्त आहेत. हे कसलं मोजमाप? तुम्हीच दोन-चार टाकल्या नसतील कशावरून?"

अंबिका उठली.  "मी टाकल्या असत्या तर बेरीज जुळवून टाकल्या असत्या, बाळा. अठ्ठावीस वर्षं बेरजाच जुळवतेय मी. खोटं काम बघ कसं चोख असतं ते. त्या उडप्याकडे बसून भरलेल्या फॉर्मांत कधी एकाची चूक काढलीस?"

बोलता बोलता ती थबकली. तिला एक पोरगी आठवली. कुठल्या वस्तीतली ते ती आजही सांगत नाही. दार उघडून बाहेर आली, आणि जाताना दोन्ही पंजे उघडून अंबिकाला टाळी दिली होती. दोन्ही पंजे. रिकामे. बाकीची पोरं खिशात मूठ घालून बाहेर यायची, उरलेलं लपवत. हिच्याकडे उरलेलं काही नव्हतंच.

"दोन्ही सोडलं," ती खाली बसत म्हणाली. "शिंपली पण आणि खडा पण. निदान सात पोरांनी."

"असं तुम्ही सांगितलं होतं?" संचिता मॅडमनी विचारलं.

"नाही ना! मी एकच सोड म्हटलं होतं. तुमच्या टॅबवर होतं ते, 'अजून कळत नाही.' माझ्या मडक्यात त्याला जागाच नव्हती, मॅडम. पोरांनी आपली आपण केली." आणि ती, जी बापाच्या मयताला रडली नव्हती, पदरानं डोळे पुसायला लागली. अठरा वर्षांपूर्वी एका पोरीनं तिसरा चौकोन मागितला होता. या पोरांनी मागितलासुद्धा नाही.

निकेतनं पाणी आणून दिलं. ग्लासात, बाटलीत नाही.

पुढे गोष्ट गोड झाली असं समजू नका. सोळाचा आकडा मुख्य तक्त्यात गेला नाही. नियम तो नियम, फॉर्मशी जुळत नाही ते तक्त्यात बसत नाही. पण शून्यही गेलं नाही. संचिता मॅडमनी अंबिकाचा भाग तक्त्यात रिकामा ठेवला आणि शेवटी एक स्वतंत्र पान जोडलं: याच वस्त्यांत घरचे आसपास असताना टॅबवर एकसष्टांत एकही हो नाही, आणि घरच्यांना बाहेर उभं करून, नाव न लागता विचारलं तेव्हा दोनशेचारांत सोळा शिंपल्या.

"पान कितवं?" अंबिकानं विचारलं.

"एकशे बेचाळीस."

"म्हणजे शेवटचंच ना?"

"शेवटचंच. पण वरच्यांनी मला फक्त त्याच पानाबद्दल विचारलं, अंबिकाताई."

समुपदेशक मिळाला. रोजचा नाही, फक्त शनिवारी, दोन तास. सोळा शिंपल्यांना एक खुर्ची. अंबिका म्हणते, खाडीत एवढ्या कमी मासळीवर बाप होडी परत फिरवायचा नाही, अजून एकदा जाळं टाकायचा. म्हणून दिवाळीनंतर ती पुन्हा निघतेय. या वेळी संस्थेनं कागदाच्या चिठ्ठ्या आणि कुलपाची पेटी दिली आहे, पाचही उत्तरांची. मडकं शांताबाईला परत गेलं, त्यात पुन्हा तांदूळ भरले.

वाटून उरलेल्यांतली एक शिंपली मात्र अंबिका हाटकेशला घेऊन गेली. हेमालीला सगळं सांगितलं, आकडा सांगितला, आणि शिंपली पुढे केली. "सतरावी तुझी. मॅडमना सांगते, एक वाढवा म्हणून."

हेमालीनं शिंपली घेतली, उलटीसुलटी केली, आणि मशीनच्या फळीवर खडूच्या तुकड्यांशेजारी ठेवली.

"मोजणीत नको, काकू. माझं मी कधीच मोजलंय. तुम्ही पोरांचं बघा." मग मशीनवर पाय ठेवला, आणि सुईखालून कापड सरकवता सरकवता म्हणाली, "आणि आयांना बाहेर काढा. तेवढं जमवा."

तर आता तुम्ही. दिवाळीनंतर तुमच्या गेटवर फोटो येईल, पन्नाशी ओलांडलेली बाई, काखेत पेटी. 'अलाऊ' दाबा. सगळा कागद वाचा, शंका असेल ते विचारा, पटलं तर सही करा. मग गॅस बारीक करा, धाकट्याला कडेवर घ्या, पायात चप्पल घाला आणि तिच्यासोबत पॅसेजमध्ये येऊन उभे राहा. दार स्वतःच्या हातानं ओढून घ्या. दहा मिनिटं. आणि आत जाल तेव्हा लेकराला काही विचारू नका. त्याची मूठ उघडून बघू नका.